शून्य गळता कामा नये

सुमन गेल्यावर भेटायला येणारी माणसं थोडा वेळ तिच्याबद्दल बोलायची. ते संपलं की शेजारच्या वहिनी चहा आणेपर्यंत काय करायचं, म्हणून मला विचारायची, तुम्ही कुठे होतात कामाला? मी सांगायचो, घोडबंदर रोडला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. पुढचा प्रश्न ठरलेला, "सिक्युरिटीला का?" माझा चेहरा तसा आहे, मान्य आहे. बोलणंही तसंच आहे. पण मी सिक्युरिटीला नव्हतो. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बरोबर येतात की नाही, ते मी तपासायचो. एवढं ऐकलं की माणसं दाराकडे बघायला लागायची, चहा आला का म्हणून.

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा ठरवलं की हेच लिहायचं. बायको गेल्याचं दुःख लिहिणारे पुष्कळ असतील. माझ्या कामाबद्दल लिहिणारा कल्याणमध्ये दुसरा सापडणं कठीण आहे. माझी शाळा नववीत सुटली. शुद्धलेखन आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी सुधारून दिलं आहे. मतं त्यांनी सुधारायला घेतली होती, ती मी परत जागेवर बसवली.

कारखान्यापासून सुरुवात करतो, कारण सगळं तिथून आलं. माजिवड्याला बेअरिंगचा कारखाना होता, तिथे मी इन्स्पेक्शनला होतो. आता त्या जागेवर टॉवर आहे आणि गेटवरचा माणूस मला कुणाकडे जायचंय ते विचारतो. इन्स्पेक्शनचं काम सोपं आणि वाईट. मापात बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट. का बसलं नाही ते प्रॉडक्शनवाल्यांनी बघायचं. रिजेक्ट मालाला लाल रंगाचा ठिपका लावायचा, आणि एकदा लावला की मोठ्या साहेबानेही तो पुसायचा नाही. यामुळे इन्स्पेक्शनवाल्याशी कँटीनमध्ये कुणी नीट बोलत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

कारखाना बंद पडला. तिथे नितीन नावाचा ट्रेनी इंजिनिअर होता, माझ्याकडून तीनतीनदा माल परत गेलेला मुलगा. त्याने पुढे मित्रांबरोबर कंपनी काढली आणि स्वतःचा डेटाबेस बनवायला घेतला. एक दिवस माझ्या घरी आला. म्हणाला, "काका, प्रोग्राम लिहिणारे मला मिळतात. रिजेक्ट म्हणणारा मिळत नाही." सुमन आतून म्हणाली, घेऊन जा, घरी पण तेच करतात. तिने आमटीला नेहमी पैकीच्या पैकी मार्क मागितले आणि मी कधी दिले नाहीत, त्याचा तो टोला होता.

आता काम काय ते सांगतो. डेटाबेस म्हणजे कपाट समजा. दवाखान्याचे पेशंट, शाळेची मुलं, दुकानातला माल, सगळं कप्प्याकप्प्यांत लावलेलं. त्या कपाटाला प्रश्न विचारायचा, त्याला क्वेरी म्हणतात. साधा प्रश्न कुणीही विचारेल. अडचण येते ती प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असला की. शाळेत विचारलं, आपापल्या वर्गाच्या सरासरीपेक्षा उंच मुलं कोणती? वरचा प्रश्न, उंच मुलं कोणती. त्याच्या पोटात दुसरा, त्या मुलाच्या वर्गाची सरासरी किती. भोळा मास्तर एक मुलगा उभा करील, त्याचा अख्खा वर्ग मोजील, सरासरी काढील. मग दुसरा मुलगा उभा करील आणि तोच वर्ग परत मोजील. उत्तर बरोबर येईल, पण तोवर पोरांना मिशा फुटतील. हुशार मास्तर प्रत्येक वर्गाची सरासरी एकदाच काढून फळ्यावर लिहील आणि मग एकेका मुलाला फळ्याशी ताडून बघील.

विचारणाऱ्याने भोळेपणाने विचारलं तरी आतल्या आत हुशारीने काम कसं उरकायचं, हे जो प्रोग्राम ठरवतो तो ऑप्टिमायझर. मी त्याला मुकादम म्हणायचो. काय हवंय ते साहेबाने सांगायचं, कुणाला आधी कामाला लावायचं आणि कुणाला नंतर, ते मुकादमाने ठरवायचं. पुढे ऑफिसात सगळेच मुकादम म्हणायला लागले.

माझं काम असं, की एकच प्रश्न दोनदा चालवायचा. एकदा भोळ्या पद्धतीने, जसा लिहिलाय तसा. एकदा मुकादमाच्या हाताने. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. एक ओळ जरी इकडची तिकडे नसली तरी रिजेक्ट. त्यासाठी खोटी कपाटं भरायची, तीही मीच भरायचो. कारखान्यात मी शिकलो होतो की मधल्या मापाचा माल तपासून काही कळत नाही, काठावरचा तपासावा. म्हणून माझ्या कपाटात रिकामा वर्ग असायचा, एकाच मुलाचा वर्ग असायचा, वर्गच नसलेला मुलगा असायचा. नवीन पोरं हसायची. हसू देत.

मुकादमाचं प्रश्नाच्या पोटातले प्रश्न बाहेर काढून सरळ करण्याचं काम केतकीकडे होतं. डोंबिवलीची मुलगी, मोठ्या कॉलेजात शिकलेली, आणि तोंडाने माझ्याइतकीच फटकळ. तिने मला पहिल्या वर्षीच गप्प केलं, ते सांगायला हवं.

डोंबिवलीच्या एका वधूवर सूचक मंडळाचा प्रोग्राम आमच्या डेटाबेसवर चालायचा. प्रश्न असा, की या मुलाच्या घरच्यांनी ज्यांना नकार दिला त्यांत नसलेल्या मुली दाखव. मी दोन्ही पद्धतींनी चालवला. मुकादमाने भरपूर मुली दाखवल्या. भोळ्याने एकही दाखवली नाही. मी केतकीला म्हटलं, भोळा मेलाय, बघ. ती येऊन बघून म्हणाली, "काका, भोळा बरोबर आहे. मुकादम चुकला." मी म्हटलं, अख्ख्या डोंबिवलीत एक मुलगी नाही? तेव्हा तिने नकाराच्या कप्प्यातली एक ओळ दाखवली. नकार होता, मुलीचं नाव कोरं होतं. मुलाच्या आईने फोनवर कुणालातरी नको म्हटलं होतं आणि कुणाला ते लिहायचं राहिलं होतं. केतकी म्हणाली, ती कोरी जागा कुठलीही मुलगी असू शकते, मग एखादीला नकार मिळालेलाच नाही असं मशीनने छातीठोक कसं सांगायचं? माहीत नसेल तर सांगायचं नाही, हा कपाटाचा नियम आहे.

मी तीन दिवस तिच्याशी वाद घातला आणि हरलो. मुकादम दुरुस्त झाला. त्यानंतर मंडळाच्या बाईंचा फोन आला की डोंबिवलीतल्या सगळ्या मुली कुठे गेल्या. त्यांना मी समजावलं, की आधी ते कोरं नाव भरा. त्या म्हणाल्या, मुलाच्या आईलाच आठवत नाही. मग ती ओळ खोडा, म्हटलं, आणि मुलाच्या आईला फोनपासून लांब ठेवा. पण धडा मी घेतला. दोन उत्तरांतलं बरोबर कुठलं हे माझ्या मनाला काय पटतं त्यावर ठरत नाही. माझं काम फरक दाखवायचं.

आता मुख्य गोष्ट. लॉकडाऊन उठल्यानंतरची आहे.

कल्याण-डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन येणाऱ्या बायकांची एक संस्था आहे. सुमन त्यात होती. दर गुरुवारी सकाळी मोबाइलवरच्या ग्रुपवर यादी यायची, की पंधरवड्यात ज्यांच्याकडे दोनपेक्षा कमी भेटी झाल्या ती माणसं ही. मग बायका आपसात वाटून घ्यायच्या. यात एक नियम सुमनने बैठकीत भांडून करून घेतला होता. जी कार्यकर्ती काम सोडून जाते तिच्या भेटी धरायच्याच नाहीत. म्हणजे तिची माणसं ताबडतोब यादीवर येतात आणि दुसरी कुणी त्यांना उचलते. नाहीतर काय व्हायचं, बाई पुण्याला मुलीकडे राहायला गेली तरी कागदावर तिच्या भेटी ताज्या दिसायच्या आणि म्हातारी इकडे वाट बघत बसायची.

या संस्थेचा प्रोग्राम आमच्या डेटाबेसवर होता. नितीनने त्यांना त्याच आठवड्यात आमची नवी आवृत्ती वापरून बघायला दिली होती, फुकट. तिची तपासणी अजून चालू होती, पण तोवर जेवढं तपासलं तेवढं पास झालं होतं.

रविवारी दुपारी जेवताना सुमन म्हणाली की शहाडच्या इंदूबाईंचं नाव यादीतून गेलं. तिला आनंद झाला होता. इंदूबाई म्हणजे हॉस्पिटलात आयाचं काम करून रिटायर झालेल्या, मागे पुढे कुणी नाही, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि येईल त्याला फाडून खायच्या. आधी सुमन जायची. तिचे गुडघे धरले तेव्हा दुसऱ्या बाईंनी घेतलं, आणि त्या बाई पुण्याला निघून गेल्या. तेव्हापासून इंदूबाई दर गुरुवारी यादीत पहिल्या असायच्या आणि त्यांना कुणी हात लावत नसे. सुमनला वाटलं, चला, कुणीतरी धीर केला.

मी विचारलं, कुणी?

"तेच मघाशी ग्रुपवर विचारलं," ती म्हणाली. "कुणीच नाही म्हणतायत. मग नाव कसं गेलं?"

मी तिला यादी वाचायला लावली. नेहमीपेक्षा छोटी होती. मी म्हटलं, यातल्या कुणाकडे एकदाही कुणी गेलेलं नाही असं एक तरी नाव आहे का बघ. ती एकेक नाव आठवून बघत राहिली.

"नाही हो. सगळ्यांकडे एकेकदा जाऊन आलंय कुणीतरी."

एकवाले यादीत होते, शून्यवाले नव्हते. पंधरवड्यात ज्यांच्याकडे कुणीही गेलं नाही, नेमके तेच. ज्यांना यादीची सगळ्यात जास्त गरज, ते आमच्या मशीनने गाळले होते. मी ताटावरून उठलो. सुमन जेवा तरी म्हणाली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्वतःच साडी बदलायला गेली. इंदूबाईंना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला.

रिक्षाने शहाडला गेलो. सुमन त्या गुडघ्यांनी तीन मजले माझ्या पुढे चढली. दार आतून बंद होतं. हाका मारल्यावर आतून आवाज आला, बारीक. शेजारचे गावाला गेलेले. खालच्या दुकानातल्या माणसाने गॅलरीतून शिरून कडी काढली. इंदूबाई मोरीच्या उंबऱ्याशी आडव्या होत्या. आदल्या दिवशी घसरल्या होत्या. पाय सुजून उशीएवढा झालेला. सरपटत माठापर्यंत पोचल्या होत्या म्हणून पाणी तरी पोटात होतं. सुमन फरशीवर बसली आणि तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

इंदूबाईंनी डोळे उघडून बघितलं. म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्या यादीत मी मेले."

"मेला नाहीत," सुमन म्हणाली. "गळलात. यांच्या मशीनमधनं." आणि माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याकडे पुष्कळदा रागाने बघायची. पण त्या दिवसासारखं बघणं परत कधी झालं नाही.

हॉस्पिटलात प्लास्टर घालत होते तेव्हा बाहेरून मी केतकीला फोन केला. यादीत कोण आहेत आणि कोण नाहीत एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "शून्य गळलं. काका, मी ऑफिसला निघते." सुमन म्हणाली, तुम्हीपण जा, इथे माझं माझं मी बघते. पण आधी मला ती बाकीची नावं द्या. इंदूबाई एकट्या नसणार.

बरोबर होतं तिचं. आम्हाला पहिलं काम ते होतं. केतकीने मुकादमाला बाजूला बसवलं आणि तोच प्रश्न भोळ्या पद्धतीने चालवायला लावला. वेळ लागला, पण उत्तर आलं. यादीतून गळलेली पाऊण पान माणसं होती. मी फोनवर एकेक नाव वाचत गेलो आणि सुमन हॉस्पिटलच्या बाकावर बसून ग्रुपवर वाटत गेली. अंधार पडायच्या आत बायका सगळ्या दारांवर जाऊन आल्या. कोळसेवाडीत एक आजोबा तापाने पडले होते, त्यांना डॉक्टरकडे नेलं. बाकी सगळे धड होते. एकजण घरी सापडेनात म्हणून मोठा घोळ झाला, ते भाच्याच्या लग्नात जेवत होते आणि घास घेताना फोन केला म्हणून सुमनलाच ओरडले.

इकडे केतकीने चूक शोधली. सांगतो, समजायला सोपी आहे. माणसामागे भेटी किती हे हुशारीने मोजायचं तर भेटींच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, नावानावाच्या गड्ड्या लावायच्या आणि प्रत्येक गड्डी एकदाच मोजायची. पण ज्याच्याकडे कुणी गेलंच नाही त्याची चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणून गड्डी नाही. गड्डी नाही म्हणून मोजायला कुणी नाही. शून्य म्हणायलासुद्धा कुठेतरी नाव लागतं. ही खोड या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, केतकीलाही होती. तिने मुकादमाला शिकवलं होतं की सुरुवात चिठ्ठ्यांपासून करायची नाही, माणसांच्या नावांपासून करायची, आणि ज्याची गड्डी नाही त्याच्यापुढे शून्य लिहायचं. तेवढं मी तपासलंही होतं आणि ते बरोबर होतं.

पण संस्थेच्या प्रश्नाच्या पोटातल्या प्रश्नाला अजून एक पोट होतं. भेट देणारी बाई अजून कामावर आहे का? मुकादमाने इंदूबाईंचं नाव धरून ठेवलं, त्यांच्यापुढची भेटीची जागा कोरी ठेवली, इथवर बरोबर. मग तिसरा प्रश्न घेऊन तो त्या कोऱ्या जागेशी आला आणि विचारलं, ही भेट देणारी कामावर आहे का? भेटच नाही तर देणारी कुठली? उत्तर नाही म्हणून त्याने इंदूबाईंनाच उचलून बाहेर ठेवलं. आधी धरलेलं नाव नंतर सोडलं. दोन मजल्यांचं घर पक्कं होतं, तिसरा चढवला तिथे गळती.

नितीन आला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी सोमवारी ठाण्यातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती दाखवायची होती, आणि त्या गिऱ्हाइकावर कंपनीचं पुढचं वर्ष अवलंबून होतं. केतकी म्हणाली, नीट दुरुस्तीला आठवडे लागतील, तोवर पोटातले प्रश्न बाहेर काढायचा नियमच बंद ठेवावा लागेल. म्हणजे सगळं भोळ्या मास्तरासारखं. दाखवायला गेलो तर गिऱ्हाईक जांभया देईल.

नितीन माणूस वाईट नाही, पण घाबरलेला होता. म्हणाला, संस्थेला लगेच जुनी आवृत्ती देऊ. उद्या दाखवायचं ते दाखवू, त्यांच्या प्रश्नांत शून्य येतच नाही. नंतर दुरुस्ती पाठवू.

मी म्हटलं, "माल रिजेक्ट आहे."

"काका, हा कारखाना नाहीये."

"माल आहे ना? बाहेर जातोय ना?"

तो माझ्याकडे बघत बसला. मी इंदूबाईंच्या घरून आलो होतो, शर्टाला त्यांच्या मोरीचा ओलावा होता. रिजेक्ट म्हटल्यावर कारणं द्यायची सवय मला नाही. केतकी नियम बंद करायच्या जागी हात ठेवून बसली.

नितीनने खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोर त्या गिऱ्हाइकाला सांगितलं की उद्याचं होणार नाही, आमच्या मालात चूक सापडली आहे. चूक, हाच शब्द वापरला. मग नवी आवृत्ती ज्यांना ज्यांना दिली होती त्या सगळ्यांना काय चुकतं आणि कुठल्या प्रश्नात चुकतं ते कळवून टाकलं. केतकीने नियम बंद केला. ते गिऱ्हाईक परत आलं नाही. कंपनी ते वर्ष लंगडत चालली, दोन मुलं सोडून गेली, त्याची मला आजही रुखरुख आहे. पण नितीनने तो ठिपका पुसला नाही आणि पुढे एकदाही मला बोलून दाखवलं नाही. इन्स्पेक्शनवाल्याला असा मालक मिळायला नशीब लागतं.

दुरुस्ती चालू असताना केतकीने मला सांगितलं, काका, जमतील तेवढी शून्यं गोळा करा. मी कपाटं भरायला बसलो. भेटच न मिळालेला माणूस. सगळ्या भेटी सोडून गेलेल्या बायकांच्या असलेला माणूस. कुणाकडेच न गेलेली बाई. भेटींचा कप्पाच रिकामा. माणसांचाच कप्पा रिकामा. पोटात पोट, त्याच्या पोटात पोट, आणि प्रत्येक थराला एकेक शून्य. मुकादम पडायचा, केतकी उभा करायची, मी परत पाडायचो. आमचं जेवणाच्या सुट्टीत भांडण, चहाला भांडण. एका दुपारी सगळ्यातून पास झाला. केतकीने विचारलं, अजून काही आहे? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, रिजेक्ट म्हणताना मी विचार करत नाही, पास म्हणताना करतो. पास.

त्या सगळ्या तपासण्यांच्या गठ्ठ्याला ऑफिसने नाव दिलं, इंदूबाई. मी रिटायर झालो तरी मुकादमात काहीही बदललं की तिथली मुलं आधी एकमेकांना विचारतात, इंदूबाई पास झाली का? मी हे इंदूबाईंना जाऊन सांगितलं. प्लास्टर निघालं होतं, काठी आली होती. त्यांनी विचारलं, पास नाही झाली तर? म्हटलं, पोरांना घरी जायला मिळत नाही. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे. सुमन तेव्हापासून परत त्यांच्याकडे जायला लागली. गुडघ्यांवरून मी बोललो तर म्हणाली, तुम्ही तुमची शून्यं बघा, मी माझी बघते.

दर गुरुवारी ती जायची, येऊन सगळं सांगायची, आणि मी पेपर वाचत हूं हूं करायचो. एकदाही बरोबर गेलो नाही. वेळ नव्हता असं नाही, रिटायर होतो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. हार्ट. हॉस्पिटलात पोचेपर्यंतही थांबली नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दिवस व्हायच्या आधीच संस्थेच्या एका मुलीचा फोन आला. ती अडखळत होती. सुमनताईंचं नाव आमच्याकडे अजून कामावर आहे असंच आहे, काय करू? मी म्हटलं, काढा. ती म्हणाली, घाई नाही काका. मी म्हटलं, घाई आहे, आजच काढा. नाव काढल्याशिवाय तिची माणसं यादीवर येणार नव्हती. प्रश्नाच्या पोटातला तिसरा प्रश्न मला पाठ होता.

गुरुवारी सकाळी सुमनचा फोन वाजला. तो मी चार्ज करून ठेवत होतो. ग्रुपवर यादी आली होती, लांबलचक. आता नावापुढे भेटींचा आकडाही यायचा. सुमनच्या सगळ्या भेटी मोजणीतून निघाल्या होत्या. पेपराआडून मी अर्धवट ऐकलेली नावं एकेक करून आठवली आणि यादीशी ताडून बघितली. शहाडच्या इंदूबाई. कोळसेवाडीचे तापवाले आजोबा. खडकपाड्याच्या दोघी बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या. लग्नात जेवणारे ते गृहस्थ. तिचा प्रत्येक माणूस होता आणि प्रत्येकापुढे शून्य होतं. एकही गळलं नव्हतं. ती या जगात नव्हती आणि तिने ज्यांना धरलं होतं ती सगळी माणसं आमच्या मुकादमाने जशीच्या तशी पुढे आणून उभी केली होती. मी बराच वेळ ती यादी धरून बसलो. आयुष्यात बनवायला हातभार लावलेली दुसरी कुठलीही गोष्ट इतकी नीट चाललेली मी बघितलेली नाही.

मग त्या मुलीला फोन केला आणि म्हटलं, माझं नाव घाला. ती म्हणाली, आमच्यात सगळ्या बायकाच आहेत. मी म्हटलं, चालेल मला.

शहाडला गेलो. तीन मजले चढायला मला सुमनपेक्षा जास्त वेळ लागला. इंदूबाईंनी दार उघडलं, मला बघितलं, आणि काठी टेकत आत जाऊन बसल्या. त्यांना कळलेलं होतं. मग म्हणाल्या, ती आल्या आल्या खिडकी उघडायची. मी खिडकी उघडली. चहा मला करायला लावला आणि पांचट झाला म्हणून सांगितलं. निघताना भेटीची नोंद मोबाइलवर केली, ती कशी करायची तेही त्यांनीच दाखवलं.

पुढच्या गुरुवारी यादी आली. इंदूबाईंपुढे एक होता. एक म्हणजे दोनपेक्षा कमी, म्हणून नाव अजून यादीत होतं. उत्तर बरोबर आहे. मी चपला घातल्या.